बाईंच्या चवीनुसार

मी वाटीतला चमचाभर रस्सा तोंडात घेतला, डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाले, "बरोबर आहे." नेहमीसारखंच. पण डोळे उघडले तेव्हा समोर बसलेली अनिता माझ्याकडेच पाहत होती. मी "बरोबर आहे" म्हणताच तिने मान खाली घातली आणि मांडीवरच्या वहीत त्या पदार्थाच्या नावापुढे पेन्सिलीने एक ठिपका दिला. अगदी बारीक. सारजाबाई कढई उतरवत होत्या, पूनम ताटं मांडत होती. दोघींनाही तो दिसला नाही. मला दिसला, कारण तो ठिपका माझाच होता. बत्तीस वर्षं मी हजेरीपटात तसेच ठिपके देत आले. ज्या मुलावर नजर ठेवायची त्याच्या नावापुढे पेन्सिलीचा ठिपका. पेन्सिलीचा एवढ्यासाठी, की खात्री पटली नाही तर खोडता यावा. अनिता माझ्या वर्गात होती. चौथीत असताना हजेरीपट कपाटातून काढून टेबलावर ठेवायचं काम तिच्याकडे होतं. ठिपके तिने पाहिले असणारच. त्या दिवशी ताटात काय होतं ते मला आठवत नाही. जेवले मात्र मी सगळ्यांपेक्षा जास्त, आणि दोनदा "वा" असंही म्हणाले. 

बुधवारचा हा उद्योग सुरू होऊन तीन महिने होत आले होते. आम्ही चौघी. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सारजाबाई. त्यांची शेती कोरेगाव भीमाला, ती मुलगा बघतो, आणि त्या नातवंडांच्या शाळेसाठी शिरूरला येऊन राहिलेल्या. मागच्या गल्लीतली पूनम. नवरा रांजणगावला कंपनीत, त्याच्या ड्युट्या बदलत्या, त्यामुळे हिचा वेळ जाता जात नाही. आणि अनिता. ती लग्न होऊन शिरूरला आली तेव्हा पहिल्याच महिन्यात मला शोधत आली होती. ती "बाई" म्हणते म्हणून सगळी कॉलनी मला बाई म्हणते. पूनमने कुठल्याशा प्रदर्शनातून पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं आणि ते उघडायची तिला भीती वाटायची. अनिताने डोकं लढवलं: दर बुधवारी दुपारी, बाईंच्या स्वयंपाकघरात, पुस्तकातला एक पदार्थ सगळ्यांनी मिळून करायचा. नियम मी घातला. पहिल्या वेळी पुस्तकात आहे तसंच करायचं, आपला हात घालायचा नाही. जमलं तर अनिता ते आपल्या भाषेत वहीत उतरवून घेणार. ओव्हन कुणाकडेच नव्हता, तेव्हा केक आम्ही कुकरमध्ये घोड नदीची वाळू घालून भाजला. सारजाबाई वाळू चाळता चाळता म्हणाल्या, "ही पुस्तकातली बाई सवता जेवती का नुसती लिहिती? दोन कप मैदा म्हणं. कंच्या कपानं? तिच्या का माझ्या?" मग मी घरातला एक कप ठरवून दिला आणि त्याच्या कानाला दोरा बांधला. मोजून घेणं म्हणजे काय, हे त्यांच्या हातांना पटवायला तीन बुधवार गेले. मला घाई नव्हती. मुलांना हातचा समजायला आठ दिवस लागतात, मोठ्यांना त्याहून जास्त. तेवढं थांबायचं असतं. पण मिठापाशी आलं की पुस्तकच हात वर करायचं. प्रत्येक पदार्थाखाली तीच ओळ: मीठ चवीनुसार. "कुणाच्या चवीनुसार?" सारजाबाईंनी विचारलं. त्यांचा हात मिठाला सढळ, पूनमला सगळं अळणी आवडायचं. दोघींची जुंपली. तेव्हा अनिता लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "बाईंच्या. बाई सांगत्याल ते बरोबर." सगळ्या हसल्या. वहीत तेव्हापासून तसंच लिहिलेलं आहे, निळ्या शाईने, पानोपानी: मीठ बाईंच्या चवीनुसार. आणि मला त्या वेळी चव लागेनाशी होऊन तीन महिने झाले होते.

दिवाळीत ताप आला होता, चार दिवस. पाचव्या दिवशी उठून चहा केला तर तो गरम पाण्यासारखा लागला. तापाचं तोंड आहे, येईल चव, म्हणून सोडून दिलं. पंधरा दिवसांनी हिंगाची डबी उघडली, नाकाशी धरली, आणि डबीत काही नसावं तसं वाटलं. आत पाहिलं तर हिंग होता. मग मी सगळे डबे काढले. मेथ्या, ओवा, सुंठ, कापूर. एकेक झाकण उघडून बसले होते ती दुपार मला आठवते. उन्हाचा पट्टा ओट्यावरून सरकत गेला आणि मी शेवटी मिठाचा खडा जिभेवर ठेवला. जीभ ओली झाली, खडा विरघळला, बाकी काही नाही. तिखट तेवढं झोंबायचं, पण झोंबणं ही चव नाही, ते दुखणं आहे. डॉक्टरकडे गेले नाही. आमचा डॉक्टर विश्वजीतच्या बरोबरीचा, दोघांचं फोनवर बोलणं असतं. विश्वजीत माझा मुलगा. दौंडला रेल्वेत आहे. त्याचे वडील गेल्यापासून त्याचं एकच चाललं होतं: आई, तू एकटी शिरूरला काय करतेस, इकडे ये. त्याने फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली ठेवली आहे, खिडकीतून यार्ड दिसतं, मालगाड्या जोडताना गजांवर गज आपटल्यासारखा आवाज येतो. खोली चांगली आहे. पण तिथे स्वयंपाकघर सुनेचं आहे आणि संध्याकाळी पाढे म्हणायला येणारी सात-आठ पोरं नाहीत. माझ्या ओटीवर रोज सहाला सतरंजी पडते, गेली पाच वर्षं. कुणाला वजाबाकी येत नाही, कुणाला नुसतंच घरी बसवत नाही, कुणी नुसतं हरभरे खायला येतं. दौंडला गेले की मी विश्वजीतची आई. सतरंजी कुठे पसरणार? आणि म्हातारीला वास येत नाही, गॅस चालू राहिला तरी कळत नाही, हे विश्वजीतला समजलं असतं तर तो त्याच दिवशी गाडी घेऊन आला असता. त्याची चूक नव्हती. म्हणूनच त्याला कळायला नको होतं.

तेव्हा मी शिकले. सत्तरीला आलेल्या बाईला नवीन काही शिकता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मला बुधवारी पाहायला हवं होतं. पदार्थ शिजला का ते अनिता बघायची, मीठ मी. म्हणजे चमचा तिच्या तोंडात आधी जायचा. मी तिच्यासमोरची जागा धरून बसायची आणि तिचा चेहरा वाचायची. खारट असलं की तिच्या भुवया किंचित वर जात, ओठाचा एक कोपरा आत ओढला जाई. अळणी असलं की ती जीभ टाळ्याला लावून जरा वेळ थांबायची. ठीक असलं की काहीच नाही, नुसती मान. मग वाटी माझ्याकडे यायची, मी डोळे मिटायची आणि तिच्या चेहऱ्यावरचं उत्तर वाचून दाखवायची. "चिमूटभर लागेल." "जरा जास्त झालंय, बटाटा टाका." एकदाही चुकले नाही. सारजाबाई म्हणायच्या, "बाईंची जीभ म्हंजी तागडी हाय, तागडी." मला त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. लबाडी जमल्याचाही आनंद असतोच. तो मी मुलांच्या चेहऱ्यावर कितीदा पाहिला होता.

ठिपका पडला आणि ते सगळं उलटं फिरलं. हिला माहीत आहे, असं एकदा वाटलं की मागची एकेक गोष्ट उठून उभी राहायला लागली. संक्रांतीला मी तिळाचे लाडू केले होते. गूळ करपला असणार. वास येत नाही तर कळणार कसं? हळदीकुंकवाला सगळ्यांनी लाडू खाल्ले, कुणी काही बोललं नाही, आणि बरोबर आठ दिवसांनी अनिता बुधवारची कल्पना घेऊन आली. पूनमच्या घरी का नाही? पुस्तक तिचं होतं. सारजाबाईंच्या घरी का नाही? त्यांचं स्वयंपाकघर माझ्या दुप्पट. बाईंच्याच घरी. मग मार्चमधलं दूध. मी ओटीवर पोरांसाठी गणितं लिहीत बसले होते, अनिता ताक घेऊन आली आणि दारातच थबकली, मग धावत आत गेली. मी मागोमाग गेले तेव्हा ती खिडक्या उघडत होती. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. "दूध उतू गेलंय, बाई," एवढंच म्हणाली. गॅसचं नाव काढलं नाही. नाव का काढलं नाही? ज्याला काही लपवायचं नसतं तो ओरडतो. आणि दुसऱ्याच दिवशी दौंडहून फोन: "आई, गॅस बंद करतेस ना नीट?" दुसऱ्याच दिवशी. मी फोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाले, "करते रे," आणि मनात तारीख लिहून ठेवली.

त्यानंतर मी अनितावर नजर ठेवायला लागले. बुधवारी निघताना तिघी चपला घालायच्या आणि अनिताला काहीतरी आठवायचं. "पाणी पिऊन येते," म्हणून ती परत आत जायची. माठ तर ओटीवर आहे. आत एखादं मिनिट, फार तर दीड. भांडं वाजायचं नाही, पाणी ओतल्याचा आवाज यायचा नाही. ती गेल्यावर मी स्वयंपाकघर बघून घ्यायची. डबे जागेवर, मिसळणाचा डबा जागेवर. एकदा ओट्याखालचा पडदा जरा सरकलेला दिसला. तिथे काय आहे? सिलिंडर आणि रद्दी. रद्दीत विश्वजीतची जुनी पत्रं होती. मी ती काढून ट्रंकेत ठेवली. एका बुधवारी ती हात धुवायला गेली तेव्हा मी तिची वही उघडली. चौदा पदार्थ, त्यांपैकी आठांपुढे ठिपके. मी आठवायचा प्रयत्न केला की त्या आठ वेळा मी काय म्हणाले होते. काही आठवेना. चव नसलेलं जेवण आठवत नाही. माझे सगळे बुधवार एकाच रंगाचे झाले होते. वही मिटून होती तशी ठेवली, पेन्सिल होती तशी आडवी ठेवली, आणि स्वतःला विचारलं की बाई, हे तुम्ही काय करताय? दुसऱ्याची वही उघडताय? पण उत्तर द्यायला वेळ नव्हता, ती आलीच, ओले हात पदराला पुसत. "काय बघताय, बाई?" "अक्षर," मी म्हणाले. "सुधारलंय." ती हसली, चौथीत हसायची तशीच, खालचा ओठ दाताखाली धरून.

तेव्हा मला मल्हारी आठवला. म्हणजे तो आठवायचा थांबला होता असं नाही. पाबळच्या पलीकडे एका वस्तीवर माझी शाळा होती, एक खोली आणि चार इयत्ता. धनगरांची चार-सहा घरं तिथे नव्यानेच जमिनीला टेकलेली, त्यातल्या गिताबाईंचा हा मुलगा. गणितं तोंडी घातली तर धडाधड उत्तरं. फळ्यावरची घातली की त्याच्या पाटीवर शेजारच्या मुलीची उत्तरं, तिच्या चुकांसकट. शेजारची मुलगी म्हणजे अनिता. मी त्याच्या नावापुढे ठिपका दिला. मग एक दिवस फळ्याचे दोन भाग केले. डावीकडची गणितं एकाआड एक मुलांना, उजवीकडची उरलेल्यांना. मल्हारीला उजवीकडची. पाट्या गोळा केल्या तर त्याच्या पाटीवर डावीकडचं उत्तर होतं. सापडला. आणि गोळा करताना मी हेही पाहिलं होतं की अनिताची पाटी सरळ नव्हती. गुडघ्यावर तिरकी धरलेली, त्याच्या बाजूला कललेली. मी त्याला उभं केलं आणि विचारलं, "कुणाचं बघून लिहिलंस?" पुन्हा विचारलं. मग पट्टी काढली. त्याला चार, आणि पाटी तिरकी धरल्याबद्दल अनिताला दोन. दोघांपैकी एकही रडलं नाही, त्याचा मला जास्त राग आला. तिसऱ्या दिवशी गिताबाई आल्या, डोईवरचा पदर सावरत दारातच उभ्या राहिल्या. "त्याला लांबचं दिसत न्हाई, बाई. आपल्याच कुत्र्याला मेंढरू समजून हाकारतो. तुम्हास्नी म्हाईत आसंल आसं वाटलं." मला माहीत नव्हतं. मी विचारलं होतं ते "कुणाचं बघून?" "तुला दिसतं का?" हे मी विचारलंच नव्हतं. पुढे मी त्याला पहिल्या ओळीत बसवलं, फळ्यापासून दोन हातांवर, पण त्याने मान वर करून माझ्याकडे पुन्हा कधी पाहिलं नाही. वर्षभराने ते लोक दुसरीकडे गेले. त्यानंतर दर जूनला, पहिल्या दिवशी, हजेरीच्याही आधी, मी प्रत्येक मुलाला विचारत आले: फळा दिसतो का? लोक म्हणायचे, बाई फार जपतात मुलांना. जपत नव्हते. दंड भरत होते.

आणि आता अनिता माझा फळा दोन भागांत वाटणार होती. माझीच युक्ती, माझ्यावर. मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं की ती हे कसं करेल याचा मी रोज उठून विचार करायची. दोन वाट्या ठेवेल, एकीत मीठ, एकीत नाही. किंवा तोंड कोरं ठेवेल. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करायची, "आज जरा सर्दी आहे गं" हे तर आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. संध्याकाळी पोरं पाढे म्हणायची आणि माझं लक्ष नसायचं. एकदा एका पोरीने सतरा साते एकशे सत्तावीस म्हटलं आणि मी "शाबास" म्हणाले. बाकीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

मेच्या मध्यावरचा बुधवार. कोफ्त्यांची भाजी होती. मी जागा धरून बसले आणि पाहिलं की अनिताने आज वाटी घेतलीच नाही. "मला संकष्टी हाय," ती म्हणाली. "चंद्र उगवंस्तवर पाणी आन् केळं. आज तुम्हीच बघा समदं." आणि ती माझ्यासमोर येऊन बसली, वही मांडीवर, पेन्सिल बोटांत. बुधवार माहीत, संकष्टी माहीत, आणि कांदा-लसणाचे कोफ्ते हिनेच निवडलेले. हे काय मला कळत नव्हतं? कोरा चेहरा! दोन वाट्यांपेक्षा ही युक्ती चांगली होती. मलाही सुचली नसती. कोफ्ता शिजलाय का ते पूनमने चमच्याने दाबून पाहिलं, तोंडात घातला नाही. मी पूनमकडे पाहिलं, सारजाबाईंकडे पाहिलं. दोघींच्या चेहऱ्यांवर नुसती वाट बघणं होतं. बाहेर हायवेवर एक ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवत होता. सारजाबाईंनी वाटी भरली. "घ्या, तागडीबाई. मीठ बघा." वाटी हातात आली. गरम होती एवढं कळत होतं. रंग लाल, वर तेलाचा तवंग, कोथिंबीर. रंगावरून मीठ कळलं असतं तर जगात कुणीच खोटं बोललं नसतं. मी चमचा बुडवला. आता तोंडात घालायचं, डोळे मिटायचे आणि काहीतरी म्हणायचं. बरोबर म्हणावं, कमी म्हणावं, की जास्त? तीनातलं एक. मल्हारीनेही असंच मोजलं असेल का? मग दौंडची खिडकी दिसली, यार्डातले डबे, सुनेचं पुसून लख्ख ठेवलेलं स्वयंपाकघर. चमचा ओठांपाशी आला तेव्हा थोडा रस्सा माझ्या लुगड्यावर सांडला.

"द्या हिकडं," अनिता म्हणाली, आणि माझ्या हातातली वाटीच काढून घेतली. चमचा नाही, काही नाही. वाटी तोंडाला लावून एक घोट घेतला. "आगं ए बये!" सारजाबाई ओरडल्या. "संकष्टी हाय न्हवं तुला? सकाळधरनं उपाशी आन् आता कांदा-लसूण?" "इसरलेच की," अनिता म्हणाली. तिच्या भुवया वर गेल्या होत्या, ओठाचा कोपरा पार आत ओढला गेला होता, नाक आक्रसलं होतं; एवढं मोठं तोंड तिने कधी केलं नव्हतं. आणि हे सगळं ती सारजाबाईंकडे नाही, पूनमकडे नाही, माझ्याकडे बघून करत होती. वाटी तिने गुडघ्यावर धरली होती, माझ्या बाजूला कललेली.

संकष्टी धरलेली बाई दुपारी चार वाजता उपास विसरत नाही. पोट विसरू देत नाही. मी त्या कललेल्या वाटीकडे पाहत राहिले. चार महिने मी हिचा चेहरा वाचत होते आणि आपण चोरून वाचतोय असं मला वाटत होतं. चेहरा वाचला जात नव्हता, दाखवला जात होता. कोण एवढ्या भुवया उडवतं भाजीतल्या मिठासाठी? शिजलं का ते आधी मी बघते, हा नियम तरी कुणी काढला होता? तिनेच. समोरची जागा मी धरत होते असं मला वाटायचं. ती दर बुधवारी माझ्यासमोर येऊन बसत होती. तिशी उलटून गेलेली, दोन मुलांची आई, आणि पाटी अजून तशीच धरते. त्या पाटीबद्दल मी तिला दोन पट्ट्या मारल्या होत्या. आता मला नुसतं "खारट आहे" म्हणायचं होतं. उत्तर समोर होतं, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात. म्हटलं असतं तर बुधवार पुढे चालू राहिला असता, सतरंजी राहिली असती, स्वयंपाकघर राहिलं असतं. आणि तो विझलेला, वास न येणारा गॅसही राहिला असता.

"मला चव लागत नाही," मी म्हणाले. आवाज वर्गात निघायचा तसा निघाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "वासही येत नाही. मी अनिताच्या तोंडाकडे बघून सांगते."

पूनमच्या हातात डाव तसाच राहिला. सारजाबाई माझ्याकडे पाहत होत्या. आता त्या काय म्हणणार ते मी आधीच ऐकून ठेवलं होतं: एवढ्या शिकलेल्या बाई, आन् फसवलं आमास्नी. त्यांनी विचारलं, "कवापासनं?"

हे कुणीतरी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. "दिवाळीपासून."

"तरीच," सारजाबाई म्हणाल्या. "दिवाळीपासनं तुमच्या भितीपल्याडनं फोडणीचा वास येईना. पयलं रोज धा वाजता यायचा, त्यावर मी घड्याळ लावायची. म्हटलं म्हातारी करून खाती का न्हाई? का नुसती बिस्किटं? अनिताला म्हटलं, काय तरी काढ. तवा हिनं ह्यो बुधवार काढला."

"म्हणजे तुम्हाला..." मी म्हणाले.

"जिभेचं न्हवतं म्हाईत. जेवत न्हाई एवढं कळलं हुतं." त्या अनिताकडे वळल्या. "तुला म्हाईत हुतं व्हय गं? आन् मला बोलली न्हाईस, चेटकिणी?"

अनिता वहीच्या कडेला नखाने कुरतडत होती. मी तिला विचारलं, "विश्वजीतला तू सांगितलंस?" माझा आवाज मलाच पोलिसासारखा वाटला.

"मी? त्यांचा नंबरबी न्हाई माझ्याकडं, बाई."

"मग दुधाच्या दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, गॅस बंद करतेस ना."

"माझी आई तर रोज विचारते," पूनम म्हणाली. "फोन ठेवताना. गॅस बंद केला का, कडी लावली का. मी तेवीसची आहे, बाई."

विश्वजीत हे कधीपासून विचारतो? मी मागे मागे जाऊन पाहिलं. मार्चच्या आधी, दिवाळीच्या आधी, अगदी त्याचे वडील गेले त्या वर्षीसुद्धा. प्रत्येक फोनच्या शेवटी. मी ते ऐकायला फक्त मार्चमध्ये लागले होते.

"आणि ते ठिपके?" मी विचारलं. आता सगळंच बाहेर पडू दे.

"कंचं? हां, ते व्हय." अनिताने वही उघडून बघितली. "जे घरी करायचं त्याला ठिपका. आमच्या ह्यांना रोज ईचारायचं काय खाणार, काय खाणार, त्यापेक्षा." तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, तिने वही मिटली.

"तू मला विचारलं का नाहीस, अनिता? बाई, तुम्हाला चव लागते का, एवढंच?"

"तुम्हाला ईचारायचं?" ती म्हणाली, आणि चौथीतली हसली, ओठ दाताखाली धरून. "चौथीत तुम्ही आधी पट्टी काढायचा, बाई. सवाल मागनं."

सारजाबाई खदखदून हसल्या, पूनमही हसली. मी हसले नाही. मला हसता आलं नाही. मल्हारीचीही आता तिशी उलटून गेली असेल. कुणीतरी त्याला चष्मा करून दिला असेल का? ते मला माहीत नाही आणि विचारायला आता कुणी नाही. सारजाबाईंनी बोट बुडवून रस्सा चाटला आणि थुंकल्या. "आगं बया! मीठ हाय का रेती? मी एक चमचा घातलं हुतं." "मी पण घातलं होतं," पूनम म्हणाली. "मला वाटलं तुम्ही नाही घातलं." दोघी एकमेकींवर ढकलायला लागल्या. चार महिने कुणी मिठाची जबाबदारी घेतलीच नव्हती. शेवटी बाई आहेतच. मी उठले, दोरा बांधलेला कप काढला, चहाचा चमचा काढला, आणि त्यांना दाखवलं: मीठ घ्यायचं, सुरीच्या पाठीने सपाट करायचं, कढईभर रश्शाला एक, आणि एकीनेच घालायचं. पूनमने दोन बटाटे सोलून टाकले. अनिताने वहीत त्या पानावर "बाईंच्या चवीनुसार" ही ओळ पेनाने खोडायला घेतली. मी म्हटलं राहू दे, खाली लिही. तिने खाली लिहिलं: एक चमचा, सपाट. उपास मोडलाच होता म्हणून तीही जेवायला बसली, आणि तीन कोफ्ते खाल्ले.

पाचच्या सुमाराला त्या निघाल्या. रविवारी विश्वजीतचा फोन येईल तेव्हा मी त्याला सांगणार होते, तो विचारायच्या आधी. तो काय म्हणेल ते मला माहीत होतं. गाडी घेऊन येईलही. आला तर सहाच्या आत यावं, म्हणजे सतरंजी पडलेली त्याला दिसेल, आणि मग पुढचं समोरासमोर बोलता येईल. त्याहून जास्त मी ठरवलं नव्हतं. सारजाबाई आणि पूनम पायऱ्या उतरल्या. अनिताने एका पायात चप्पल घातली आणि थांबली.

"पाणी पिऊन येते," ती म्हणाली.

माठ तिच्या शेजारीच होता. ओट्याखालचा सरकलेला पडदा मला आठवला, आणि रद्दीशेजारी काय असतं तेही.

"ये," मी म्हणाले. "आणि सिलिंडरचं बटण बघून ये गं. मला कळत नाही."

ती वळली. "व्हय, बाई," म्हणाली, आणि चप्पल काढून आत गेली.